प्रतिकारशक्ती : एकट्याची आणि सगळ्यांची

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, इगतपुरी येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



१८९७ साली आजच्याच तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुण्यात साथ पसरली तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या वाचल्या नाहीत.

जंतू एकच होता, तरी एक देह तरला आणि दुसरा तरला नाही. असे का होते? एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकालाच क्षय का होतो? एकाच वाडीतल्या दहा मुलांना गोवर येतो, नऊ बरी होतात आणि एक दगावते, ते कशामुळे? माणसाचा रोग म्हणजे काय, संसर्ग म्हणजे काय आणि शरीर त्याच्याशी कसे लढते, हे सगळे या एका प्रश्नात सामावले आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपण जिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतो ती बाटलीत विकत मिळत नाही. ती शरीराला शिकवावी लागते आणि अन्नाने पोसावी लागते. आणि ती शेजाऱ्यापाशीही असेल तरच आपल्या घरातले सर्वांत दुबळे माणूस सुरक्षित राहते.

घाट चढून येणारा रोग

मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. जंतू माहीत होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे अजून कळलेले नव्हते. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले, आणि बाहेर पडण्याचा मोठा मार्ग होता रेल्वे. थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला होता. इगतपुरीहून नाशिककडे निघाले की देवळाली लागते आणि देवळालीला लागून भगूर. १८९९ च्या प्लेगात भगूरचे दामोदरपंत सावरकर गेले. विनायकराव सावरकरांचे ते वडील.

गाठीच्या प्लेगात लागण झाल्यापासून ताप चढून काखेत किंवा जांघेत गाठ येईपर्यंत साधारण दोन ते आठ दिवस जातात. या काळाला वैद्यकात अधिशयन काळ म्हणतात. जंतू शरीरात शिरलेला असतो, वाढत असतो, पण माणूस ठणठणीत दिसत असतो. प्लेगचा अधिशयन काळ काही दिवसांचा आणि मुंबईहून इगतपुरीचा प्रवास काही तासांचा. रेल्वेने साथीच्या रोगांना काय दिले, ते या दोन आकड्यांत आहे. पायी घाट चढणारा रोगी वाटेतच आडवा झाला असता. गाडीतला मात्र गावी पोचून आजारी पडू लागला.

प्लेगचे खरे वाहक तर माणसे नव्हतीच. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले की, उंदराच्या अंगावरची पिसू हा जंतू पसरवते. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा ते पक्के झाले. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि कपड्यांच्या गाठोड्यांतून पिसवा गावोगाव जात होत्या. १८९७ मध्ये पुण्यात मात्र गोरे सोजीर घराघरांत घुसून माणसे तपासत होते, स्त्रियांचा मान राखत नव्हते, रुग्णांना बळाने उचलून नेत होते. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रोग कसा पसरतो हे माहीत नसताना केलेली सक्ती लोकांचा विश्वास घालवते आणि रोगही थांबवत नाही. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कायम लक्षात ठेवावे.

आज घाट आणखी सोपा झाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि कसारा घाटाचे अंतर आता बोगद्यातून काही मिनिटांत कापले जाते. गोवराचा अधिशयन काळ दहा-बारा दिवसांचा, फ्लूचा एक ते चार दिवसांचा. त्या अवधीत माणूस आता देश काय, जगही ओलांडतो. डोंगराने आपल्याला रोगापासून राखण्याचे दिवस कधीच संपले. राखण शरीरात आणि वस्तीतच उभी करावी लागेल.

लागण आणि आजार यांतले अंतर

रोगजंतू म्हणजे एकच एक जात नव्हे. प्लेग, क्षय, विषमज्वर, पटकी, कुष्ठरोग हे जिवाणूंमुळे होतात. गोवर, कांजिण्या, पोलिओ, डेंग्यू, फ्लू, कोविड हे विषाणूंमुळे. हिवतापाचा जीव आणखी वेगळा, एकपेशीय परजीवी. नायटा बुरशीमुळे होतो, आणि पोटातले जंत हे तर डोळ्यांना दिसणारे प्राणी आहेत. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो, ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. सर्दी-पडसे झाले की दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणून घेणे म्हणजे विषाणू सोडून भलत्यालाच मारणे. शिवाय त्यातून वाचलेले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे खऱ्या न्यूमोनियात तेच औषध निकामी ठरते. डॉक्टर सुई देत नाही, सलाईन लावत नाही म्हणून तो चांगला नाही, ही समजूत आपण सोडली पाहिजे.

जंतू शरीरात शिरला याला लागण म्हणतात. त्याने शरीराचे काम बिघडवले की त्याला आजार म्हणतात. या दोहोंत मोठे अंतर असते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरलेला आहे असा अंदाज आहे. पण त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. उरलेल्यांच्या शरीराने जंतूला कोंडून ठेवलेले असते. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एकालाच लुळेपणा येतो. बहुतेकांना तर काही झाले हे कळतही नाही, पण तीही विषाणू पसरवत असतात. म्हणून एक लुळे पडलेले मूल सापडले की त्या भागात शेकडो मुलांना लागण झाली आहे, असे धरून काम करावे लागे. भारतातला पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे हे गणित होते आणि घरोघर फिरलेली पावले होती.

लागणीचा आजार होतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरते. जंतू कोणता आणि किती, शरीर कसे, आणि परिसर कसा. तिसऱ्या गोष्टीकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईला आणि मराठवाड्याला पाणी देणारी धरणे याच तालुक्याच्या डोंगरांत भरतात. तरीही एप्रिल-मे आला की इथल्या कितीतरी पाड्यांवर बाया झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. गुरे, माणसे आणि कपडे यांचे पाणी एकच असते. पहिल्या पावसाबरोबर डोंगरावरची घाण त्याच झिऱ्यात येते आणि जून-जुलैत अतिसार सुरू होतो. तेव्हा त्या मुलाच्या प्रतिकारशक्तीबद्दल बोलण्याआधी विहिरीत टीसीएल पावडर पडली का, जलसुरक्षकाने पाण्याचा नमुना पाठवला का, हे विचारले पाहिजे. तसेच भाताच्या आवणीचे. दिवसभर चिखलात उभे राहणाऱ्या बाईच्या पायांच्या भेगांतून लेप्टोचा जंतू शिरतो, कारण त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. आवणीच्या दिवसांत अचानक थंडीताप, पिंढऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर अंगावर न काढता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. वेळेत ओळखला तर हा रोग साध्या औषधांनी बरा होतो.

शरीर कसे शिकते

आता शरीराकडे वळू. त्वचा, नाकातला शेंबूड, डोळ्यांतले अश्रू, जठरातले आम्ल ही पहिली राखण. बहुतेक जंतू इथेच थांबतात. जे आत शिरतात त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. या भक्षक पेशी परक्या वस्तूला गिळतात, हे त्यांनी सिद्ध केले आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जखमेभोवती लाली, सूज आणि पू येतो तो या पेशींच्या लढाईमुळे. ताप हाही बहुधा शरीराने मुद्दाम वाढवलेला उष्मा असतो, कारण वाढत्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते.

ही राखण जन्मजात असते आणि ती सगळ्या जंतूंशी जवळजवळ सारखीच वागते. तिच्या मागे दुसरी राखण असते, ती शिकणारी. बी आणि टी नावाच्या लिम्फोसाइट पेशींपैकी प्रत्येक पेशी एका विशिष्ट आकाराला ओळखते. गोवराचा विषाणू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी भराभर वाढू लागतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात आणि ती विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशीच मारून टाकतात. पहिल्या भेटीत या सगळ्याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात माणूस आजारी पडतो. बरे झाल्यावर त्यांतल्या काही पेशी आठवण जपून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या काही दिवसांतच, आणि आधीपेक्षा कितीतरी जोमाने, उत्तर देतात. गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. त्याचे कारण या आठवणीत आहे.

लस ही आठवण आजाराविना देते. मेलेला जंतू, दुबळा केलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडा शरीराला दाखवला की शरीर त्याची ओळख करून घेते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली लस. पुढे खेडोपाडी फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांना लोक देवी डॉक्टर म्हणू लागले. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. या सभागृहात ज्यांच्या दंडावर टोचल्याचा गोल वण आहे, त्यांच्या नातवंडांना तो रोग पुस्तकातच वाचावा लागतो.

काही वेळा शिकायला सवड नसते. तेव्हा प्रतिकारशक्ती उसनी घ्यावी लागते. घोड्यांना सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी करतात आणि सर्पदंशावरचे प्रतिविष बनवतात. पावसाळ्यात इथल्या रुग्णालयात कितीतरी जीव त्यावर वाचतात. मांत्रिकाकडे गेलेला वेळ मात्र ते परत आणू शकत नाही. दुसरी उसनी प्रतिकारशक्ती आईची. गर्भात असताना तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात, आणि जन्मानंतर चिकातून. बाळंतपणानंतरचा पिवळसर, घट्ट चीक टाकून देऊन बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवणारी घरे अजून आहेत. त्या घरांना हात जोडून सांगा, की बाळाचे पहिले संरक्षण आपण जमिनीवर ओतत आहात. आईकडून मिळालेली ही शिदोरी काही महिन्यांत संपते. नंतर बाळाला स्वतः शिकावे लागते.

दोन महिने

व्लादिमीर हाफकिन हे मेचनिकॉव्ह यांचे ओडेसातले विद्यार्थी. पटकीवरच्या लसीचे काम घेऊन ते १८९३ मध्ये भारतात आले. मुंबईत प्लेग सुरू होताच ऑक्टोबर १८९६ मध्ये ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाले. जागा अपुरी, मदतनीस मोजके. मांसरसाच्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचा जंतू वाढवत. तुपाच्या तवंगाखाली जंतूंच्या लोंब्या लटकत. मग तो द्रव तापवून जंतू मारायचे आणि त्याचीच लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण ते सावरले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे ज्या कैद्यांनी आपणहून लस घेतली त्यांच्यात लस न घेतलेल्यांपेक्षा रोग कमी दिसला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळा गेली. तिला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो.

तारखा पाहा. १० जानेवारीला मुंबईत लस एका माणसाच्या दंडात गेली आणि १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मध्ये बरोबर दोन महिने. दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या वेळी लस नुकतीच जन्मली होती, तिचे परिणाम तपासायचे होते, आणि ती आजच्या लसींइतकी प्रभावीही नव्हती. पण प्रयोगशाळेत शोध लागणे आणि तो गरजेच्या माणसाच्या दंडापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी शास्त्रज्ञ लागतो. दुसरीसाठी आशाताई लागते, परिचारिका लागते, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखलेली शीतपेटी लागते आणि दार उघडणारी आई लागते. आज कितीतरी रोगांबाबत पहिले काम झालेले आहे. आपण अडकतो ते दुसऱ्यात.

‘वाढवा’ म्हणणाऱ्यांना

कोविडनंतर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांची, चूर्णांची आणि गोळ्यांची बाजारपेठ फोफावली. ‘डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?’ हा प्रश्न मला घरात, गाडीत, लग्नात, सगळीकडे विचारला जातो. माझे उत्तर असे असते, की नुसती वाढलेली प्रतिकारशक्ती हाही एक रोग आहे. आमवातात शरीर स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते. लहान मुलांच्या मधुमेहात ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. दमा आणि अंगावर उठणारे पित्त ही निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध झालेली अतिरेकी प्रतिक्रिया आहे. डेंग्यू दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या विषाणूने झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडेच कधी कधी विषाणूला पेशींत शिरायला मदत करतात आणि आजार गंभीर होतो. कोविडमध्येही अनेकांची फुप्फुसे विषाणूइतकीच स्वतःच्या प्रतिक्रियेने निकामी झाली.

शरीराला हवी असते ती नेमकी ओळख, आणि काम झाल्यावर थांबण्याची शिस्त. ओळख लसीने येते. बाकीच्यासाठी पुरेसे अन्न, झोप, स्वच्छ पाणी आणि धूर नसलेली चूल लागते. चहात आले घालून प्या, बरे वाटेल. पण मुलाच्या लसीचा दिवस चुकवून त्याला महागडे टॉनिक देऊ नका.

ताट आणि थायमस

टी पेशी शिकतात त्या छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. बालपणी ती मोठी असते. मूल कुपोषित झाले की ती आकसते. जंतू ओळखणाऱ्या पेशी कमी पडतात, आतड्यांचे अस्तर पातळ होते. मग अतिसार होतो, भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन आणखी घटते आणि पुढचा जंतू आणखी सहज शिरतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुले दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. ते गाव इथून फार लांब नाही. अशा मुलाच्या मृत्यूचे कारण कागदावर न्यूमोनिया किंवा अतिसार असे लिहिले जाते. जंतू खराच असतो. पण त्याला दार उघडून दिलेले असते ते भुकेने.

या बाबतीत आपल्याकडे ठोस पुरावा आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ आणि डाळीचा जादा शिधा दिला गेला. त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. औषध नाही, लस नाही, मुख्यतः डाळ-भात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणून रुग्णाच्या खात्यात निक्षय पोषण योजनेचे पैसे जमा होणे हाही उपचाराचाच भाग आहे. आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ती ज्या अंगणवाडीत नीट चालते तिथे दोन पिढ्यांची प्रतिकारशक्ती एका ताटात वाढली जाते.

ताटाच्या जोडीला बाळाची निगाही लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ती गावातल्याच स्त्रियांना शिकवली. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसे मोजावेत, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि इंजेक्शन कसे द्यावे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळ तपासते, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे. इथे बसलेल्या आशाताईंना मी सांगू इच्छितो, की आपण करता ते काम जगातल्या वैद्यकाने मान्य केलेले आहे. त्याचा मोबदला वेळेवर मिळणे हा आपला हक्क आहे.

सगळ्यांची राखण

गोवर हा माहीत असलेल्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देतो. त्यामुळे शंभरांतली सुमारे पंचाण्णव मुले सुरक्षित असतील तरच साखळी तुटते. मग उरलेली पाचही वाचतात. ही पाच कोण? नऊ महिन्यांच्या आतली बाळे, ज्यांची लस घेण्याची वेळ आलेली नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेले मूल. लस घेऊनही ज्याच्या शरीराने नीट ओळख करून घेतली नाही असे एखादे. त्यांचे संरक्षण त्यांच्या शरीरात नाही, ते भोवतालच्या पंचाण्णवांच्या शरीरात आहे. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, ती इगतपुरीकरांनी लहानपणापासून पाहिली आहेत. दर ३७ फुटांना एक फूट चढणाऱ्या या घाटात पुढच्या इंजिनाची ताकद पुरत नाही. दुबळ्या मुलांनाही रोगाचा घाट असाच बाकीच्यांच्या बळावर पार करावा लागतो.

धनुर्वाताचे मात्र तसे नाही. त्याचा जंतू मातीत असतो, तो माणसाकडून माणसाला जात नाही. शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. तिथे प्रत्येकाने आपापली राखण करायची असते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला, आणि त्याच सुमारास भिवंडीत आणि आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावातही. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते आणि लस राहून गेलेली मुले साठत गेली होती. गोवर आला की अंगावर पुरळ येते आणि जाते, इतकेच नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या शरीरातली इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. शरीराने आधी शिकलेले गोवर पुसून टाकतो. मग ते मूल महिनोन्‌महिने न्यूमोनियाला आणि अतिसाराला सहज बळी पडते. गोवराची लस एका रोगाविरुद्ध असली तरी ती अनेक रोगांवरची आठवण राखते.

आपल्या तालुक्यातली खरी अडचण इथे आहे. भाताची काढणी झाली, दिवाळी सरली, की कातकरी, ठाकर आणि कितीतरी भूमिहीन कुटुंबे वीटभट्ट्यांवर, द्राक्षबागांत, बांधकामांवर कामाला निघतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नऊ महिन्यांच्या बाळाला एका डोसाने सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळते. दुसऱ्या डोसाने ते पक्के होते. हा दुसरा डोस बऱ्याचदा भट्टीवरच्या महिन्यांत येतो आणि चुकतो. गावच्या यादीत मूल ‘स्थलांतरित’ होते आणि भट्टीच्या गावच्या यादीत ते नसतेच. दोन याद्यांच्या मधल्या फटीत असलेले हे मूल बहुधा कमी वजनाचेही असते. जंतूला याहून सोपे घर कुठले?

एक मागणी

शेवटी मी आपल्याकडे काही मागतो. ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाआधी आपल्या प्रत्येक पाणवठ्याचा नमुना तपासून घ्यावा आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. शिक्षकांनी मुलांना हात धुवायला सांगताना शाळेच्या नळाला पाणी आहे की नाही तेही पाहावे. दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके देऊ नयेत. घरात जुलाब सुरू झाले, तर पहिल्या तासापासून जलसंजीवनी पाजावी आणि बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी आणि ते लपवू नये. क्षय हा लाजेचा रोग नाही.

आणि या सगळ्यांत पहिले काम. दिवाळीनंतर आपल्या पाड्यावरून जे घर कामाला निघेल, त्याच्या बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत आहे का ते बघा. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात हे कार्ड दाखवून पुढचा डोस फुकट मिळतो, हे तिला सांगा. भट्टीच्या गावच्या आशाताईचा नंबर तिला मिळवून द्या. आणि ज्यांच्या मालकीच्या भट्ट्या, बागा, बांधकामे आहेत त्यांनी आपल्या कामगारांच्या मुलांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला स्वतःहून द्यावी. लस आहे, शीतपेटी आहे, टोचणारे हात आहेत. मूल तिथपर्यंत पोचवण्याची जबाबदारी आपण सर्वांनी घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.